कुरतडलेले पान आणि अंधारी रात्र : घराजवळची जैवविविधता जपण्याविषयी

जैवविविधता म्हटले की बहुतेकांना ताडोबातला वाघ आठवतो, नाही तर कासच्या पठारावरचा फुलांचा गालिचा. दोन्ही मोलाचे आहेत. पण त्यांच्या रक्षणात आपला रोजचा हात फारसा लागत नाही. तो लागतो तो सोसायटीच्या बागेत, शेताच्या बांधावर, गावच्या ओढ्यात, घराच्या गच्चीवर आणि बाजारातल्या पिशवीत. शास्त्रीय भाषेत जैवविविधतेच्या तीन पातळ्या मानल्या जातात. एकाच जातीच्या आतले वैविध्य ही पहिली, जसे हापूस, पायरी आणि बांधावरचा रायवळ आंबा. निरनिराळ्या प्रजातींचे वैविध्य ही दुसरी. आणि त्या प्रजाती जिथे एकमेकींच्या आधाराने राहतात त्या अधिवासांचे, म्हणजे माळरान, सडा, खाडी, देवराई, ओढा यांचे वैविध्य ही तिसरी. या तिन्ही पातळ्यांवर सामान्य माणूस दररोज काही ना काही निर्णय घेत असतो, फक्त त्याला तो निर्णय जैवविविधतेविषयीचा आहे असे वाटत नाही.

हा विषय समजून घेण्यासाठी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते : कोणत्याही जिवाला एका क्षणापुरती जागा मिळून भागत नाही, त्याचे संपूर्ण आयुष्य तिथे किंवा आसपास पार पडावे लागते. बागेतल्या फुलावर फुलपाखरू बसले म्हणून ती बाग फुलपाखरांची होत नाही. त्या फुलपाखराच्या मादीला अंडी घालण्यासाठी विशिष्ट झाड लागते, अंड्यातून निघालेल्या अळीला त्या झाडाची पाने खाऊ द्यावी लागतात, कोष लटकवण्यासाठी न छाटलेली फांदी लागते. यातली एक कडी निसटली की उरलेल्या सगळ्या असूनही उपयोग नसतो. निसर्गासाठी ‘काहीतरी नवे करण्या’ची आपल्याला मोठी हौस असते, माझे मत असे की त्याआधी, आपण नकळत कोणती कडी तोडतो आहोत हे तपासणे अधिक उपयोगाचे आहे.

लिंबाच्या कुंडीतली अळी

लिंबाचे किंवा कढीपत्त्याचे झाड कुंडीतसुद्धा येते, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. कोवळ्या पालवीवर कधी कधी मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळे, गोल अंडे चिकटलेले दिसते. त्यातून निघणारी अळी सुरुवातीला तपकिरी आणि पांढरट असते, इतकी की पानावर पक्ष्याची विष्ठा पडली आहे असेच वाटावे. पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात ते त्यामुळेच. पुढे कात टाकत ती हिरवीगार होते आणि पानाच्या रंगात मिसळून जाते. तिला काडीने हलकेच डिवचले तर डोक्यामागून दोन शिंगांसारखा लालसर किंवा नारिंगी अवयव झटकन बाहेर येतो आणि उग्र वास पसरतो. हा तिचा बचाव. पोटभर खाल्ल्यावर ती काटकीला रेशमी धाग्याचा पट्टा बांधून कोष करते आणि काही दिवसांत त्यातून फुलपाखरू बाहेर पडते. ते लाइम बटरफ्लाय असू शकते, कॉमन मॉरमॉन असू शकते, आणि नशीब चांगले असेल तर काळ्या पंखांवर निळी झळाळी असलेली राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉरमॉन. २०१५ साली महाराष्ट्राने हिला राज्य फुलपाखराचा मान दिला. असे फुलपाखरू घोषित करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. तिच्या अळ्या लिंबूवर्गीय झाडांवरच वाढतात. म्हणजे कुरतडलेली पाने पाहून आपण ज्या अळीवर औषध मारतो ती कदाचित राज्य फुलपाखराचीच असते.

अळ्या इतक्या चोखंदळ का असतात, याचे उत्तर झाडांच्या रसायनांत आहे. झाडाला पळून जाता येत नाही, म्हणून ते पानांत कडू, विषारी किंवा उग्र द्रव्ये साठवते. लाखो वर्षांच्या सहवासात एखादा कीटक त्यातल्या एका विशिष्ट द्रव्याला पचवायला शिकतो आणि मग त्याच झाडाशी बांधला जातो. रुईच्या चिकाला जनावर तोंड लावत नाही, पण प्लेन टायगर या फुलपाखराच्या अळ्या रुईवरच पोसल्या जातात आणि तिचे विष अंगात साठवून पक्ष्यांपासून स्वतःचे रक्षण करतात. टाकळा आणि बहावा यांच्यावर पिवळसर एमिग्रंट फुलपाखरे वाढतात, आंब्याच्या पानांवर कॉमन बॅरन, कण्हेरीवर कॉमन क्रो, तर पानफुटीच्या मांसल पानाच्या आत शिरून ते पोखरणारी अळी रेड पिएरोची असते. ज्या झाडांचा इथल्या कीटकांशी असा जुना परिचय नाही त्यांच्यावर फारसे कुणी पोसले जात नाही. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेतला, निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ ऑस्ट्रेलियातल्या. त्यांची पाने बहुधा नीटनेटकी राहतात, आणि नर्सरीत नेमकी हीच गोष्ट गुण म्हणून सांगितली जाते.

याचा पक्ष्यांशी थेट संबंध आहे. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा आपल्या पिलांना दाणे भरवत नाही. पहिल्या दिवसांत पिलांना अळ्या आणि मऊ किडेच लागतात, कारण वाढीसाठी लागणारी प्रथिने त्यांत असतात. बागेत अळ्या नसतील तर भिंतीवर टांगलेल्या सुंदर लाकडी घरट्यातली पिले उपाशी राहतात. म्हणून चिमण्यांसाठी घरटे लावणाऱ्याने त्याच बागेत कीटकनाशकाची फवारणी थांबवली पाहिजे. मावा फार वाढला तर पाण्याच्या फवाऱ्याने झाड धुवावे, किडकी डहाळी खुडावी आणि थोडे दिवस वाट पाहावी, कारण माव्यावर ताव मारणारे ठिपक्यांचे लाल भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या मागोमाग येतातच. त्यांना यायला वेळ मिळण्याआधीच आपण औषध मारले तर मावा पुन्हा येतो, भुंगेरे मात्र येत नाहीत.

जुने गुलमोहर किंवा रेन ट्री तोडून टाकावेत असे मला मुळीच सुचवायचे नाही. मोठ्या झाडावर घारी-कावळे घरटी बांधतात, त्याची सावली सगळ्यांना मिळते. प्रश्न नव्याने लावायच्या झाडाचा आहे. जागा मोठी असेल तर करंज, बहावा, ताम्हण, पांगारा, काटेसावर, भोकर, शिवण यांतून निवड करावी. पांगारा आणि काटेसावर उन्हाळ्याच्या तोंडाशी, अंगावर पान नसताना फुलतात, आणि त्या रखरखीत दिवसांत मैना, कोतवाल, शिंजीर आणि खारी यांची त्या फुलांतल्या मधुरसावर झुंबड उडते. जागा फक्त खिडकीपुरती असेल तर कढीपत्ता, पानफुटी आणि तुळस एवढ्याने सुद्धा चांगली सुरुवात होते.

उंबराच्या आत काय चालते

सगळ्या देशी झाडांत एकाचेच नाव घ्यायचे झाले तर मी उंबराचे घेईन, आणि त्याच्याबरोबर वड-पिंपळाचे. उंबराचे जे ‘फळ’ आपण पाहतो ती खरे तर आतल्या बाजूला फुललेल्या शेकडो सूक्ष्म फुलांची बंद पिशवी असते. तिच्या तोंडाशी असलेल्या अरुंद छिद्रातून गांधीलमाशीच्या जातकुळीतली एक इवलीशी माशी आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात आणि ती पुन्हा बाहेर येत नाही. आत ती काही फुलांमध्ये अंडी घालते आणि सोबत आणलेल्या परागाने इतर फुलांचे परागीभवन करते. पुढे त्या अंड्यांतून नर आधी निघतात. त्यांना पंख नसतात. ते माद्यांशी मीलन करतात, फळाच्या भिंतीला भोक पाडून वाट करून देतात आणि आतच मरतात. माद्या परागकण घेऊन त्या वाटेने बाहेर पडतात आणि दुसरे योग्य अवस्थेतले उंबर शोधतात. उंबराची माशी वेगळी, वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी. प्रौढ मादीचे आयुष्य अगदी थोडे असते, त्यामुळे तिच्या उडण्याच्या टप्प्यात फळ धरलेले त्याच जातीचे दुसरे झाड असावेच लागते. म्हणूनच एका परिसरातली ही झाडे वेगवेगळ्या वेळी फळतात, आणि म्हणूनच बाकी रानात काही नसते तेव्हाही तांबट, कोकीळ, वटवाघळे, धनेश आणि आपला राज्यपक्षी हरियाल यांना कुठे तरी फळ मिळते. रस्तारुंदीत एक जुना वड गेला आणि बदल्यात दहा शोभेची झाडे लावली, तर हिशेब कागदावरच जुळतो.

इथे घरबसल्या करण्यासारखे एक काम आहे. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांपासून इमारतीच्या भेगांत वड-पिंपळ-उंबराची रोपे उगवतात आणि भिंतीला धोका म्हणून ती काढावीच लागतात. ती ॲसिड टाकून मारण्याऐवजी लहान असतानाच, पावसाळ्यात, मुळांसह सोडवून कुंडीत वाढवावीत आणि इमारतींपासून दूर, ओढ्याकाठी, गायरानात किंवा मंदिराच्या मोकळ्या आवारात परवानगीने लावावीत. लावलेल्या झाडाच्या बुंध्याभोवती मीटरभर माती उघडी ठेवावी. फरशी आणि काँक्रीट खोडाला भिडवले की पाणी आणि हवा दोन्ही मुळांपर्यंत पोचत नाहीत.

पाचोळा आणि काळोख

वसंतात सोसायट्यांच्या आणि शाळांच्या कोपऱ्यात पाचोळ्याचे ढीग पेटतात. धुराचा त्रास सर्वांना कळतो, पण त्या ढिगात काय जळते याची कल्पना थोड्यांनाच असते. पाचोळ्याखाली गोम, वाणी, गोगलगाई, बेडूक, अनेक फुलपाखरांचे आणि पतंगांचे कोष असतात. त्यांच्यामागे येणारे सातभाई दिवसभर पाने उलटत फिरतात ते उगाच नव्हे. झाडाने मातीतून घेतलेली पोषकद्रव्येही त्याच पानांतून मातीत परततात. पाचोळा झाडाच्या आळ्यात पसरावा, उरलेला जाळीच्या पिंजऱ्यात ओलसर ठेवून त्याचे खत करावे. एवढे जमत नसेल तर बागेचा निदान एक कोपरा झाडूशिवाय राहू द्यावा.

काजव्यांची गोष्ट याच पाचोळ्यात सुरू होते. मे महिन्याच्या अखेरीपासून जूनपर्यंत भंडारदरा, राजमाची आणि सह्याद्रीतल्या इतर अनेक ठिकाणी झाडेच्या झाडे एका लयीत लुकलुकतात. तो प्रकाश हा नर-मादीचा संवाद असतो : नर विशिष्ट लयीत उजेड फेकतो, मादी त्याला उत्तर देते. प्रौढ काजव्याला या एका कामासाठी काही दिवसच मिळतात. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग अळीच्या रूपात ओल्या मातीत आणि पाचोळ्यात, गोगलगाई आणि तत्सम जीव खाऊन गेलेला असतो. आता तिथे गाड्यांचे दिवे, मोबाइलचे फ्लॅश आणि विजेऱ्या लागल्या की काजव्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत, आणि झाडाच्या बुंध्यापर्यंत जाणाऱ्या पायांखाली जमिनीवरच्या माद्या आणि अळ्या चिरडल्या जातात. काजवे पाहायला जरूर जावे. ते पाहिल्यावर माणूस बदलतो असा माझा अनुभव आहे. मात्र गाडी दूर लावावी, वाट सोडू नये, उजेड बंद ठेवावा आणि छायाचित्राचा हट्ट सोडावा.

घरातला आणि अंगणातला उजेड हाही याच प्रश्नाचा भाग आहे. दिव्याभोवती रात्रभर घिरट्या घालणारे पतंग थकून मरतात किंवा पालींच्या तोंडी पडतात, आणि रात्री उमलणाऱ्या कितीतरी पांढऱ्या, सुवासिक फुलांचे परागीभवन याच पतंगांकडून होत असते. कोकणच्या किनाऱ्यावर परिणाम अधिक उघड दिसतो. वाळूतून बाहेर पडलेली ऑलिव्ह रिडले कासवाची पिले सर्वांत उजळ क्षितिजाच्या दिशेने धावतात. नैसर्गिक स्थितीत ते समुद्राचे असते. किनाऱ्यावर हॉटेलचे प्रखर दिवे असतील तर पिले जमिनीकडे वळतात आणि सकाळपर्यंत उन्हाने, कुत्र्यांनी किंवा कावळ्यांनी संपतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसह घरट्यांचे रक्षण सुरू केले आणि आज कासवांमुळे त्या गावात पर्यटक येतात. अशा गावी मुक्काम करताना किनाऱ्याकडचा दिवा मालवायला सांगणे हे प्रत्येक पाहुण्याला जमण्यासारखे आहे. एरवी घरी बाहेरचा दिवा पिवळसर प्रकाशाचा असावा, त्याला वरून झाकण असावे म्हणजे उजेड खालीच पडेल, आणि गरज संपली की तो बंद व्हावा. वीजबिल कमी होते हा त्यातला वरचा लाभ.

प्रत्येक मोकळी जागा झाड मागत नाही

हे म्हणणे अनेकांना रुचणार नाही, तरी ते स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यातली गवताळ माळराने ही उजाड झालेली जंगले नव्हेत. कमी पावसाचा, उथळ मातीचा तो एक स्वतंत्र आणि अतिशय जुना अधिवास आहे. लांडगा, खोकड, काळवीट, धाविक, चंडोल आणि माळढोक हे उघड्या गवतात राहण्यासाठीच घडलेले आहेत. दूरवर पाहता येणे हेच त्यांचे संरक्षण असते. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली माळढोकांसाठी अभयारण्य झाले, तिथे आज माळढोक दिसणे जवळपास थांबले आहे. कागदोपत्री या जमिनींना ‘पडीक’ म्हणण्याची सवय लागल्यामुळे पावसाळ्याच्या सुरुवातीला उत्साही मंडळी तिथे खड्डे खणतात, बियांचे गोळे फेकतात. हेतू निर्मळ असतो, पण गिरिपुष्प किंवा सुबाभूळ तिथे रुजली की गवत दबते आणि गवतातले जीव हटतात. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या २०२३ च्या अहवालात, ज्यांच्याविषयी दीर्घकालीन कल सांगण्याइतकी माहिती होती अशा ३३८ प्रजातींपैकी ६० टक्के प्रजाती घटत असल्याचे आढळले, आणि मोकळ्या अधिवासातले पक्षी त्यांत ठळकपणे आहेत. म्हणून वृक्षारोपणाला जाण्यापूर्वी ‘या जागी आधी काय होते?’ हे विचारावे. रस्त्याकडेला, घराभोवती, तुटलेल्या जंगलाच्या कडेला झाडे अवश्य लावावीत. माळावर गवताला वणव्यापासून आणि अतिचराईपासून वाचवणे हेच काम पुरेसे आहे.

कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या जांभ्या दगडाच्या सड्यांचेही तसेच आहे. सुटे दगड उचलून एकावर एक मनोरे रचण्याची टूम पर्यटकांत आली आहे. त्या प्रत्येक दगडाखाली ओलावा असतो आणि त्याच्या आधाराने पाली, विंचू, बेडूक, देवगांडुळे राहतात. दगड हलला की त्यांचे छप्पर जाते. उचललेला दगड होता तसाच, होता त्याच जागी ठेवावा, आणि मुळात उचलू नये.

बियांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. रस्त्याकडेला आणि टेकड्यांवर पावसाळ्याच्या शेवटी पिवळ्या-केशरी कॉसमॉसचे ताटवे फुललेले दिसतात आणि लोक हौसेने त्याच्या बिया गोळा करून आणखी पसरवतात. ही वनस्पती मेक्सिकोकडची. ती दाट वाढून तेरडा, सोनकी यांसारख्या स्थानिक रानफुलांची जागा बळकावते. घाणेरी आणि जलपर्णी यासुद्धा आपल्याकडे शोभेसाठीच आल्या होत्या, आणि त्यांचे पुढे काय झाले ते प्रत्येक गाव पाहतो आहे. बी घरच्या कुंडीतच राहू द्यावे. घरच्या काचेच्या टाकीतले मासे आणि कासवेही तशीच : कंटाळा आला म्हणून सकर फिश किंवा लाल कानाचे कासव नदीत ‘मुक्त’ करणे ही दया नव्हे, कारण ते तिथे स्थानिक माशांच्या अन्नावर आणि अंड्यांवर हात मारतात. दुकानदाराला परत द्यावे किंवा पाळू शकणारे दुसरे घर शोधावे.

सण, गोठा, मासळीबाजार

वटपौर्णिमेला वडाच्या फांद्या बाजारात येतात, दसऱ्याला आपट्याच्या, गणपतीला पत्रीच्या जुड्या. फांदीची पूजा करण्यापेक्षा उभ्या वडापाशी जाणे परंपरेच्याही अधिक जवळ जाणारे आहे. आपट्याच्या नावाखाली पुष्कळदा कांचनाचीच झाडे ओरबाडली जातात. सोने म्हणून एकच पान दिले तरी भावना पोचते, आणि शक्य असेल तर आपट्याचे रोपच भेट द्यावे. पत्रीसाठी दूर्वा, तुळस, आघाडा असे जे अंगणात सहज मिळते तेवढ्यावर भागवावे. संक्रांतीला नायलॉन मांजा घेऊ नये. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्याच्यावर देशभर बंदी घातली आहे, आणि सण संपल्यावर झाडांत अडकलेला मांजा काढून घेतला नाही तर घारी, घुबडे, वटवाघळे पुढे महिनोनमहिने त्यात अडकत राहतात.

पारव्यांना पोत्याने दाणे टाकू नयेत. पारवे आधीच फोफावत आहेत, त्यांना आणखी मदतीची गरज नाही. पाळीव मांजराला रात्री घरात ठेवावे, जंगलालगत राहणाऱ्यांनी कुत्रा मोकाट सोडू नये. उंदरांसाठी विषारी गोळ्या ठेवल्या की विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात जातो. पिंजरा लावावा आणि अन्नकचरा झाकावा. साप दिसला तर त्याच्यापासून दूर उभे राहून सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. आग्या मोहोळाचे पोळे दिसताच पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावण्याचीही घाई नको, कारण या माश्या हंगामानुसार स्थलांतर करतात आणि बहुतेक वेळा पोळे आपणहून रिकामे होते. ते दाराला किंवा खिडकीला लागूनच असेल तर माश्या न मारता हलवणारा जाणकार शोधावा.

गोठ्यातला निर्णय किती दूरवर पोचतो, याचे सर्वांत मोठे उदाहरण गिधाडांचे आहे. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडे अक्षरशः कोसळली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घट ९९ टक्क्यांहून अधिक होती. रोग असावा, उपासमार असावी असे तर्क झाले. २००४ च्या सुमारास कारण सापडले ते साधेसुधे होते : गुरांना ताप-सूज यांवर दिले जाणारे डायक्लोफिनॅक. औषध दिलेले जनावर लवकरच मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, २०२३ मध्ये कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या आणखी दोन औषधांवरही आली. मेलोक्सिकॅम हे तेच काम करते आणि गिधाडांना अपाय करत नाही. ज्यांच्या घरी गाय-म्हैस आहे त्यांनी पशुवैद्याला सुईच्या आधी औषधाचे नाव विचारावे आणि माणसांसाठीची डायक्लोफिनॅकची सुई जनावराला टोचू देऊ नये. रायगड जिल्ह्यात आणि सह्याद्रीत जी थोडी गिधाडे उरली आहेत त्यांच्यासाठी याहून मोठी मदत कोणती, हे मला सांगता येणार नाही.

मासळी घेतानाही तेच. एक जून ते ३१ जुलै या काळात राज्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते, कारण पुष्कळ मासे याच सुमारास प्रजनन करतात. २०२३ मध्ये महाराष्ट्राने सिल्व्हर पापलेटला राज्यमाशाचा दर्जा दिला, आणि तो दर्जा देण्यामागचे मुख्य कारण त्याचे घटते प्रमाण हेच होते. एकदाही अंडी न घातलेली, तळहाताएवढीही न झालेली पापलेटे स्वस्त म्हणून विकत घेणाऱ्याने पुढच्या वर्षांचे पापलेटच विकत घेतलेले असते. कोळीणमावशींना ‘लहान नको’ एवढे म्हणणारी गिऱ्हाइके वाढली, तर ते शब्द बोटीपर्यंत जातात.

शेतीतल्या वाणांविषयी थोडेच लिहितो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी घेवडा, वाल, भात, भाज्या यांची गावठी बियाणी जमवून जपली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. परसात एखादा गावठी वेल लावणे, त्याची एक शेंग मुद्दाम वाळू देणे आणि ते बी शेजारी वाटणे, ही त्याच कामाची घरगुती आवृत्ती आहे.

पाहिलेले लिहून ठेवणे

जे कुठे आहे हेच माहीत नाही ते वाचवता येत नाही. वर उल्लेखलेला पक्ष्यांचा अहवाल सुमारे ३० हजार हौशी निरीक्षकांनी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवलेल्या तीन कोटींहून अधिक निरीक्षणांवर उभा आहे. त्यातले बहुतेक लोक शास्त्रज्ञ नाहीत. आपल्या गच्चीवरून दिसलेले पक्षी तारीख-वेळेसह तिथे नोंदवता येतात, झाडे-कीटकांची छायाचित्रे आय-नॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकली की जाणकार ओळख पटवतात. सामान्य वाटणाऱ्या जातीही नोंदवाव्यात, कारण घट आधी त्यांच्यातच लक्षात येते.

दुसरी नोंद कायद्याने सांगितलेली आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोकांच्या माहितीतून ‘लोकजैवविविधता नोंदवही’ तयार करावी लागते. ही कल्पना रुजवण्यात ज्येष्ठ परिसंस्थाशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने या नोंदवह्यांसाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली होती, आणि ती गाठण्याच्या घाईत अनेक नोंदवह्या वरवर भरल्या गेल्या. आपल्या पंचायतीत किंवा प्रभागात जाऊन ही नोंदवही पाहायला मागावी. ओढ्यातले मासे, देवराईतली झाडे, रानभाज्या, पाणथळीवर उतरणारे पक्षी, गावठी वाण, औषधी वनस्पती जाणणाऱ्या वृद्धांचे ज्ञान यांतले काय तिच्यात आहे आणि काय नाही, ते पानोपानी तपासावे. जे नसेल ते लेखी देऊन, ग्रामसभेत मांडून समाविष्ट करून घ्यावे, आणि समितीच कागदावर असेल तर तिची बैठक कधी झाली, हे पुढच्या ग्रामसभेत विचारावे.